एक डबी, तीन भस्मं आणि सकाळची थायरॉइडची गोळी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी फॅमिली डॉक्टर म्हणून काम करते. ही हकिगत माझ्याच एका रुग्णाची आहे, त्यांना विचारून लिहिलेली. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, त्यामुळे सगळं गाव त्यांना ‘बाई’ म्हणतं. इथंही त्या बाईच. या प्रकरणात कुणी भोंदू नाही, भेसळ नाही आणि गोळ्या विकणारी कंपनीही परवानाधारकच होती. तरीही एक मनगट मोडलं, आणि त्यात माझ्या चिठ्ठीचा वाटा होता.

पार्श्वभूमी

२०२० च्या सुरुवातीला बाई ५४ वर्षांच्या होत्या. वजन ५२ किलो, बांधा किरकोळ. थायरॉइड कमी पडत असल्याचं निदान ३८ व्या वर्षी झालेलं, तेव्हापासून रोज सकाळी ७५ मायक्रोग्रॅम थायरॉक्सिन. टीएसएच, म्हणजे थायरॉइड पुरतोय की नाही ते दाखवणारा रक्तातला आकडा, वर्षानुवर्षं दोन-तीनच्या आसपास असायचा. पाळी ४४ व्या वर्षीच गेली. आपल्याकडे बायकांची पाळी साधारण ४६-४७ ला थांबते, म्हणजे तशी लवकरच. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. “सुटले एकदाची,” एवढंच म्हणाल्या होत्या. त्यांच्या आई सत्तरीत अंगणात पडल्या, खुबा मोडला आणि पुढचं वर्षही त्यांनी पाहिलं नाही.

ही ओळ मी आज लिहिते तेव्हा त्यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची खूण म्हणून दिसते. लवकर गेलेली पाळी, बारीक बांधा, आईचा मोडलेला खुबा, वर थायरॉइडची गोळी. पाळी गेल्यानंतरची पहिली पाच-सात वर्षं हाडं सगळ्यात वेगानं झिजतात, कारण जुनं हाड पोखरणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेनचा जो लगाम असतो तो सुटतो. डेक्सा नावाची हाडांची घनता मोजणारी तपासणी मी तेव्हाच, पन्नाशीच्या आत करायला सांगायला हवी होती. सांगितली नाही. पाठ दुखते म्हणाल्या की मी शेकायला सांगायची.

हळदीकुंकवातलं शिबिर

जानेवारी २०२० मध्ये गावातल्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला जोडून हाडांच्या तपासणीचं मोफत शिबिर झालं. एका छोट्या यंत्रात टाच ठेवायची, दोन मिनिटांत चिठ्ठी हातात. बाईंच्या चिठ्ठीवर उणे २.१ आलं. तिथल्या मुलानं सांगितलं, “मावशी, साठ टक्के हाडं झिजलीत.”

टाचेवर ध्वनिलहरी सोडून घेतलेला आकडा आणि कंबर-खुब्याच्या डेक्सावरचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या सरासरीपेक्षा आपली घनता किती कमी-जास्त ते सांगणारा आकडा, या वेगळ्या गोष्टी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली ठरवलेली पट्टी डेक्सासाठी आहे: उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मध्ये हाडं विरळ, उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. टाचेच्या यंत्राला ती जशीच्या तशी लावता येत नाही. आणि ‘साठ टक्के झिजली’ हे कुठल्याच यंत्रातून निघत नाही. तरी त्या शिबिराला मी सरसकट नावं ठेवणार नाही. टाचेचा आकडा खराब आला तर पुढची पायरी डेक्सा, एवढं एक वाक्य तिथं कुणी बोललं असतं तर ते शिबिर सत्कारणी लागलं असतं. त्याऐवजी पुढची पायरी शेजारच्या टेबलावर होती.

टेबलावर आयुर्वेदिक गोळ्यांच्या डब्या होत्या. बाईंच्या नणंदेनं दोन घेतल्या, एक स्वतःला आणि एक वहिनीला. “वहिनी, सगळं झाडपाल्याचं आहे, त्रास काही नाही. तुमच्या आईचं काय झालं ते पाहिलंत ना?” बाई मला पुढे म्हणाल्या, वन्संनी एवढ्या मायेनं आणलेलं नाही कसं म्हणणार.

डबीवर लिहिलं होतं, दिवसातून दोनदा दोन गोळ्या. कधी, जेवणाआधी की नंतर, ते नव्हतं. बाईंची सकाळ घड्याळावर बांधलेली. साडेपाचला उठायचं, उपाशीपोटी थायरॉइडची गोळी घ्यायची, अर्ध्या तासानं चहा. डबी थायरॉइडच्या बाटलीशेजारीच ठेवली, म्हणजे विसरायला नको. दोन्ही गोळ्या एकाच पेल्यातल्या पाण्याबरोबर.

पहिली चूक, व्हॉट्सअॅपवर

जून २०२०. टाळेबंदी नुकतीच सैल होत होती, दवाखान्यात शक्यतो कुणी येऊ नये असा सगळ्यांचाच प्रयत्न. बाईंनी घरी रक्त द्यायला माणूस बोलावला आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवला. टीएसएच ७.१. टीएसएच वाढतो म्हणजे शरीर जास्त थायरॉइड मागतंय. मी विचारलं, “गोळी रोज घेताय ना? दुसरी काही औषधं चालू आहेत का?” उत्तर आलं, “रोज घेते. औषध तेवढंच.”

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी औषध म्हणजे डॉक्टरनं चिठ्ठीवर लिहून दिलेलं. हाडांच्या गोळ्या ‘शक्तीच्या’ होत्या. च्यवनप्राश चालू आहे का असं विचारलं असतं तर त्यांनी लगेच सांगितलं असतं.

मी डोस १०० केला. ऑगस्टमध्ये टीएसएच ५.४. पुन्हा वाढवून १२५. नोव्हेंबरमध्ये २.४ आला. मी अंगठा पाठवला आणि लिहिलं, “छान. सहा महिन्यांनी पुन्हा तपासा.”

इथं मी थांबायला हवं होतं, आणि त्यासाठी प्रयोगशाळा नको होती, गुणाकार पुरेसा होता. ज्याची ग्रंथी जवळपास कामच करत नाही अशा माणसालाही थायरॉक्सिन साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ५२ किलोला ८३. मी १२५ वर पोचले होते. सोळा वर्षं ७५ वर व्यवस्थित चाललेल्या बाईला अचानक दीडपटीहून जास्त गोळी लागते, तेव्हा बहुतेक वेळा ग्रंथीत काही बदललेलं नसतं. गोळी पोटातून रक्तात पोचत नसते. डोस वाढवण्याआधी ‘सकाळी उठल्यापासून जेवेपर्यंत तोंडात काय-काय जातं ते क्रमानं सांगा’ एवढं विचारायचं होतं.

डबी संपली, डोस राहिला

डिसेंबर २०२० मध्ये बाईंनी हाडांच्या गोळ्या बंद केल्या. बद्धकोष्ठ होत होतं, महिन्याला हजाराच्या वर पैसे जात होते आणि पुण्याची मुलगी फोनवर रागवत होती. बंद केल्याचं मला कळवायचं काही कारणच नव्हतं, कारण सुरू केल्याचंच मला माहीत नव्हतं.

आता गोळीला आडकाठी राहिली नाही. सगळीच्या सगळी १२५ शरीरात उतरू लागली.

एप्रिल २०२१ मध्ये बाईंना कोविड झाला, सौम्य. त्यानंतर छातीत धडधड, झोप नाही, अंगाला घाम, केस गळणं, वजन उतरणं. प्रत्येक गोष्टीला घरात उत्तर तयार होतं. धडधड कोविडनंतरची. घाम पाळी गेल्याचा, जरी पाळी जाऊन अकरा वर्षं झाली होती. वजन उतरलं हे तर कौतुकाचं. सहा महिन्यांनी करायची तपासणी दुसऱ्या लाटेत वाहून गेली, आणि मीही फोन करून विचारलं नाही. त्या वर्षी कुणाकुणाला फोन करायचे राहिले याची यादी मोठी आहे, पण हे स्पष्टीकरण झालं, सबब नव्हे.

फेब्रुवारी २०२२ मध्ये शाळेचा व्हरांडा धुतलेला होता. बाई घसरल्या आणि पडताना उजवा हात टेकला. उभ्या उंचीवरून पडून मनगट मोडणं, म्हणजे कोलीज फ्रॅक्चर, हा पन्नाशीनंतरच्या बायकांत हाडं ठिसूळ झाल्याचा पहिला ठळक इशारा असतो. हाडांच्या डॉक्टरांनी हाड बसवून सहा आठवड्यांचं प्लास्टर घातलं, कॅल्शियम लिहून दिलं. त्यांच्या चिठ्ठीतलं शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं: नाडी ११० आहे, थायरॉइड पाहावा.

पिशवी

टीएसएच आला ०.०३. वजन ४७ किलो. ईसीजीत ठोके जलद होते पण लय नियमित. त्या वयात थायरॉइड जास्त झाला की हृदयाची लय बिघडायची धास्ती असते, तेवढ्यावर निभावलं.

मी मुलीला सांगितलं, घरात गोळी, चूर्ण, काढा, बाम, जे काही असेल ते एका पिशवीत घालून आणा, संपलेलंसुद्धा. पिशवीत नेहमीचं सगळं निघालं: त्रिफळा, अर्धवट पित्ताचं औषध, कुणीतरी दिलेलं सांधेदुखीचं तेल. तळाशी एक पांढरी डबी होती, हलवली की खुळखुळायची. आत ब्लाउजची हुकं आणि बटणं.

“ही कशाची?”

“ती होय, रिकामी आहे ती. वन्संनी दिलेल्या हाडांच्या गोळ्यांची. कधीच बंद केल्या.”

मी लेबल वाचलं. कांडवेल, म्हणजे हाडजोड. अश्वगंधा, अर्जुन, शतावरी, शुद्ध गुग्गुळ. आणि खाली, बारीक अक्षरांत: कुक्कुटांडत्वक भस्म, शंख भस्म, प्रवाळ पिष्टी, तिन्ही मिळून गोळीमागे ५०० मिलिग्रॅम. अंड्याचं कवच, शंख आणि पोवळं. नावं तीन, पण रसायनाच्या भाषेत तिन्ही मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्यात वजनाच्या ४० टक्के कॅल्शियम, म्हणजे गोळीमागे साधारण २०० मिलिग्रॅम, सकाळच्या दोन गोळ्यांत ४००. बाजारातल्या विलायती कॅल्शियमच्या गोळीइतकंच जवळपास. ‘झाडपाल्याचं’ म्हणून घेतलेल्या डबीत हाडांच्या दृष्टीनं वजनदार गोष्ट होती ती खनिज.

कॅल्शियम थायरॉक्सिनला पोटात धरून ठेवतं, हे जुनं ज्ञान आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात थायरॉक्सिनवर असलेल्या २० जणांना गोळीबरोबरच रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम तीन महिने दिलं. रक्तातला थायरॉक्सिन उतरला, टीएसएच चढला, आणि कॅल्शियम थांबवल्यावर दोन्ही पूर्ववत झाले. म्हणूनच या दोन गोळ्यांत चार तासांचं अंतर ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळीलाही हेच लागू आहे, सोयाबीनच्या पदार्थांनाही काही प्रमाणात.

माझ्या तर्कात एक खोच आहे ती लपवत नाही. अश्वगंधा काही जणांत थायरॉइडचं प्रमाण उलट वाढवते, तशा नोंदी आहेत. म्हणजे त्या एकाच गोळीत एक घटक खाली ओढणारा आणि एक वर ढकलणारा होता. बाईंच्या बाबतीत आकडे ज्या क्रमानं हलले त्यावरून कॅल्शियमचं पारडं जड होतं असं मी म्हणते. कोर्टात टिकेल असा पुरावा तो नाही.

हाडांवर याचा परिणाम काय? पासष्टीपुढच्या स्त्रियांच्या एका मोठ्या अमेरिकी पाहणीत, २००१ साली, टीएसएच ०.१ पेक्षा खाली असलेल्यांत खुबा मोडण्याचा धोका तिप्पट आणि मणक्याचा चौपट आढळला. जादा थायरॉइड हाडाच्या मोडतोडीचा वेग वाढवतो, भरती मागे पडते. पाळी गेलेल्या बाईत ही झीज दुहेरी होते.

डेक्सा पुण्यात केला. कंबरेचे मणके उणे २.९, मांडीच्या हाडाची मान उणे २.३. ड जीवनसत्त्व ११, जे २० च्या खाली म्हणजे कमतरता. मूत्रपिंड, यकृत, रक्तातलं कॅल्शियम ठीक. मणके ठिसूळ करणारे रक्ताचे आजार वगळायला एक चाचणी केली, तीही ठीक.

शिसंही तपासलं. कारण विचाराल तर २००८ साली अमेरिकेत इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली होती, त्यातल्या पाचव्या हिश्श्याच्या औषधांत शिसं, पारा किंवा सोमल (आर्सेनिक) सापडलं. आणि अंगात गेलेलं शिसं बहुतांश हाडांतच साठतं. पाळी गेल्यावर हाड झिजू लागलं की ते पुन्हा रक्तात उतरतं. बाईंचं शिसं नगण्य निघालं. डबी त्या बाबतीत निर्दोष. लेबल, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक नसलेल्या सुट्या पुड्यांबद्दल मी हे म्हणू शकणार नाही. त्यांच्यात कधीकधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. दुखणं दोन दिवसांत पळतं, भूक वाढते, चेहरा गोल होतो आणि हाडं आतून पोखरली जातात.

काय काय पर्याय होते

सगळ्यात आधी थायरॉक्सिन १२५ वरून पुन्हा ७५. यावर वाद नव्हता. वाद पुढच्या गोष्टींचा होता, आणि त्या दिवशी माझ्या खोलीत बाई, मुलगी आणि नणंद अशा तिघी बसल्या होत्या.

नणंदेचं म्हणणं सरळ होतं. चूक वेळेची झाली, गोळ्यांची नाही. मग त्याच गोळ्या रात्री घ्यायच्या, प्रश्न मिटला. हा युक्तिवाद मला हसण्यावारी नेता आला नाही, कारण तो बरोबर होता, अर्धा. मी माझ्या ओळखीच्या एका वैद्यांना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, कांडवेल आणि लाक्षादी गुग्गुळ मोडलेल्या हाडावर ते नेहमी देतात. पण हाडात वायूचं घर, म्हणून अस्थीच्या विकारावर चरकांनी सांगितलंय ते तिक्त द्रव्यांनी सिद्ध केलेलं दूध-तूप आणि बस्ती. प्रकृती, अग्नी न बघता आठ द्रव्यं एका गोळीत कोंबून सगळ्या गावाला वाटायला नव्हे. “आणि दुसरी काय औषधं चालू आहेत हे विचारल्याशिवाय मी तरी काही देत नाही,” असं त्यांनी वर जोडलं. ते मला लागलं, पण लागायलाच हवं होतं.

आता उरलेलं अर्धं. कांडवेलीवर, बीजकोश काढून पाळी गेल्यासारखी अवस्था आणलेल्या उंदरांमध्ये झालेले प्रयोग आशादायक आहेत. हाड विरळ होण्याचा वेग त्यांत मंदावलेला दिसतो. पण ‘ही घेतली आणि बायकांचे खुबे-मणके कमी मोडले’ असं दाखवणारा मोठा अभ्यास तिच्या नावावर नाही. मनगट आधीच मोडलंय आणि मणका उणे २.९ आहे, तेव्हा आपल्याला घनतेतला बारीकसा फरक नको, मोडणं थांबवायचंय.

मुलीच्या फोनमध्ये दुसराच पर्याय होता: सोयाबीनमधल्या आयसोफ्लेव्हॉनच्या गोळ्या, ‘नैसर्गिक इस्ट्रोजेन’. वनस्पतींच्या वाटेवरचा सगळ्यात जास्त तपासलेला घटक हाच, त्यामुळे इथं बोलायला काहीतरी हाताशी होतं. २०११ साली अमेरिकेत २४८ स्त्रियांवर दोन वर्षं रोज २०० मिलिग्रॅमचा प्रयोग झाला. हाडांची झीज थांबली नाही. याच कुळातल्या इप्रिफ्लॅव्होनवर युरोपात ४७४ स्त्रियांवर अभ्यास झाला. २००१ मध्ये निकाल आला की हाडांना उपयोग नाही, आणि काही जणींच्या रक्तातल्या लिम्फोसाइट, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मात्र घटल्या. नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हे समीकरण त्या एका निकालानं माझ्यापुरतं पुसून टाकलं. शिवाय सोया पुन्हा थायरॉइडच्या वाटेत येणारच.

मी स्वतः पहिल्यांदा सुचवली ती हाडांची झीज रोखणारी, आठवड्यातून एकदा घ्यायची अॅलेन्ड्रोनेटची गोळी, ७० मिलिग्रॅम. स्वस्त, जुनी, मणक्यांची मोडतोड निम्म्यानं कमी करणारी. नियम असे: सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, काही खायचं नाही. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “डॉक्टर, उपाशीपोटी आणखी एक? पहिल्या दोघींचं भांडण तर आत्ताच निस्तरलं.” त्यांना पित्ताचा त्रासही होता. मी पर्याय म्हणून जे वाचून दाखवत होते त्यात त्यांची सकाळ मी पुन्हा विसरले होते.

इस्ट्रोजेन देण्याची वेळ निघून गेली होती. ते सुरू करायचं तर साठीच्या आत आणि पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, आणि बाईंना बारा झाली होती. ४४ व्या वर्षी हा विषय काढला असता तर तो खरा पर्याय होता. सहा महिन्यांनी एकदा घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही चांगलं, पण त्याची एक अट कडक आहे. तारीख चुकली, इंजेक्शन लांबलं, तर दबलेली झीज उसळून येते आणि मणके एकापाठोपाठ दबू शकतात. सहा महिन्यांची तपासणी पंधरा महिने राहिली होती, बाईंकडूनही आणि माझ्याकडूनही. आमच्या दोघींच्या स्वभावाला ते औषध झेपणारं नव्हतं.

उरलं झोलेड्रॉनिक अॅसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा सलाईनमधून. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या मोठ्या अभ्यासात त्यानं मणक्यांची मोडतोड ७० टक्क्यांनी आणि खुब्याची ४१ टक्क्यांनी कमी केली होती. पोटातून जात नाही, म्हणून सकाळच्या गोळीशी त्याचा संबंध नाही.

काय केलं

सलाईन लगेच दिलं नाही. ड जीवनसत्त्व ११ असताना हे औषध दिलं तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायकपणे उतरू शकतं. म्हणून आधी आठ आठवडे दर रविवारी ६०,००० युनिटची पुडी, दुधातून. दातांच्या डॉक्टरांकडून एक किडलेली दाढ काढून घेतली, कारण हे औषध चालू झाल्यावर जबड्याचं हाड भरून न येण्याचा क्वचित होणारा त्रास दात काढण्याशी जोडलेला आहे. मे २०२२ मध्ये पहिलं सलाईन. दुसऱ्या दिवशी ताप, अंगदुखी. हे होईल असं आधी सांगितलं होतं, म्हणून फोन आला तो तक्रारीचा नव्हता: “तुम्ही म्हणालात तसा आला बघा.” पॅरासिटामॉलनं दोन दिवसांत उतरला.

जेवणाचा हिशोब मात्र मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीत पाळी गेलेल्या स्त्रीला रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. बाईंच्या ताटात होतं ४०० च्या आसपास. दूध फक्त चहातलं, दोन कपांत मिळून शंभरेक मिलिलिटर. भाकरी ज्वारीची, तिच्यात कॅल्शियम नावापुरतं. आम्ही रात्रीची भाकरी नाचणीची केली. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅम असतं. एक पेला दूध, २४०. दुपारी वाटीभर दही. भाकरीबरोबर तिळाची चटणी, दोन चमचे. तीळ १०० ग्रॅमला हजाराच्या वर जातात. हजाराच्या जवळ पोचलो. उरलेलं दुपारच्या जेवणानंतर कॅल्शियमच्या एका लहान गोळीनं. कार्बोनेट जेवणाबरोबरच नीट शोषलं जातं आणि थायरॉइडच्या गोळीपासून सात तास लांब पडतं. जास्त मात्रेचा मोह टाळला. अमेरिकेत ३६ हजारांहून जास्त स्त्रियांना कॅल्शियम आणि ड दिलेल्या २००६ च्या अभ्यासात खुब्याची घनता किंचित सुधारली, खुबा मोडण्यात ठोस फरक पडला नाही आणि मुतखडे मात्र १७ टक्क्यांनी वाढले होते.

बाईंना काहीतरी ‘आपलं’ घ्यायचंच होतं. शतावरी कल्प चालेल का म्हणाल्या. मी डबा मागवून वाचला. कल्प म्हणजे बव्हंशी साखर, थोडी शतावरी आणि वेलची. पण तो दुधातून घ्यायचा असतो, आणि नुसतं दूध बाईंच्या घशाखाली उतरत नव्हतं. चमचाभर कल्प घालून रात्री पेलाभर उतरू लागलं. या कामाला मला शतावरीचं कुठलंही संशोधन लागलं नाही.

शाळेत सकाळी सूर्यनमस्कार घेणाऱ्या बाईंना पुढे वाकायची आसनं काही काळ थांबवायला सांगितलं, मणक्याच्या पुढच्या कडेवर दाब नको म्हणून. ते त्यांनी सर्वांत नाराजीनं ऐकलं. त्याऐवजी खुर्चीतून हात न लावता उठ-बस, टाचा उचलणं, जिना, आणि प्लास्टर निघाल्यावर दोन्ही हातांत वाळूच्या बाटल्या. न्हाणीघरात आधाराचा दांडा बसला.

काय झालं

दोन महिन्यांत टीएसएच १.९, तोही जुन्या ७५ वर. धडधड गेली, झोप आली, वजन वर्षभरात ५० वर आलं. “ते पाळीचं नव्हतंच की मग,” बाई म्हणाल्या. २०२३ आणि २०२४ च्या मे महिन्यात पुढची दोन सलाईन झाली. तिसऱ्याआधी त्याच यंत्रावर पुन्हा डेक्सा केला; यंत्र बदललं की आकड्यांची तुलना फसते. मणके उणे २.९ वरून उणे २.५, मांडीची मान उणे २.२, म्हणजे जवळपास तिथंच. नवीन हाड मोडलेलं नाही. यातलं किती श्रेय सलाईनचं आणि किती थायरॉइड जागेवर आल्याचं, ते वेगळं काढता येत नाही. मनगट पूर्ण वळत नाही. फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला त्या निवृत्तीपर्यंत मुलांना उभं करायच्या.

पुन्हा वेळ आली तर

२०१० मध्ये, पाळी लवकर गेली तेव्हा, डेक्सा आणि इस्ट्रोजेनबद्दल एक बैठक घेईन. २०२० मध्ये फोटो पाहून डोस वाढवणार नाही. व्हिडिओ कॉलवर गोळ्यांचा कप्पा दाखवायला सांगेन. डोस वाढवलाच तर वजनाशी ताडून बघेन. आणि नोव्हेंबरच्या त्या अंगठ्याऐवजी पुढच्या तपासणीची तारीख दवाखान्याच्या वहीत माझ्याकडे लिहिलेली असेल.

माझ्या केसपेपरवर आता ‘इतर औषधे’ असा रकाना नाही. तिथं छापलंय: चूर्ण, काढा, कल्प, भस्म, शक्तीचं, हाडांचं, केसांचं, कुणी प्रेमानं आणून दिलेलं. शेवटच्या शब्दांवर बायका हसतात आणि मग सांगतात. आमच्या कंपाउंडरला तो रकाना पाल्हाळ वाटतो.

नणंदबाईंच्या गोळ्या अजून चालू आहेत. त्यांना थायरॉइड नाही, त्या जेवणानंतर घेतात, यकृताची तपासणी मी करून घेतली ती ठीक आहे. डेक्साला मात्र तयार नाहीत. “टाचेचं केलंय ना एकदा,” म्हणतात. वय ६१, उंची तरुणपणापेक्षा तीन सेंटिमीटरनं कमी भरली. पुढच्या वेळी बाई त्यांना पुण्याला मुलीकडे घेऊन जाणार आहेत, आणि कशासाठी ते आधी सांगणार नाहीत.